दोन बोटं लाकूड

तूरिड दुकानात आली तेव्हा ऑगस्ट लागला होता
आणि खोऱ्यातल्या प्रत्येकाला रायफल कालच हवी होती.
म्हटलं, बस. कॉफी गार आहे, पण आहे.

तिला नवी हवी होती.
रेनडिअरसाठी, वर हार्डांगरच्या पठारावर,
जिथे झाड नाही, आडोसा नाही,
आणि वारा आपल्या आधी पोचून चहाडी करतो.

मी काचेआडून तीन काढल्या.
पहिली काळी, प्लास्टिकच्या दस्त्याची:
पावसात फुगत नाही, बर्फात रुसत नाही,
पडली तर कुणाला वाईटही वाटत नाही.
दुसरी इतकी हलकी की उचलताना हात फसतो.
चढावर मैत्रीण, चाप ओढताना वैरीण;
छातीतली धाप तिच्या टोकावर नाचते.
तिसरी अक्रोडाची.
तिची किंमत वाचून तूरिड
मुकाट पुन्हा काळीकडे वळली.

लोक विचारतात, किती लांब मारते?
मी विचारतो, तू किती लांब मारतोस?
साडेसहा मिलिमीटर पुरे.
माझ्या आजोबांना पुरलं,
आणि त्यांच्या काळी रेनडिअर काही मेणाचे नव्हते.
मोठी गोळी वाकडा नेम झाकत नाही,
नुसता खांदा काळानिळा करते,
मग पुढच्या वेळी चापाआधी डोळाच मिटतो.

"वडिलांची एक आहे गाडीत," ती म्हणाली.
"ठेवून घे. होतील ते पैसे यातून वळते कर."

लोकरीच्या चादरीत जुनी माउझर.
बोल्ट उचलला, मागे ओढला,
आणि थोडा वेळ काहीच बोललो नाही.
साठ हिवाळ्यांनी घासून दिलेली ती सरक
कारखान्याला जमत नाही,
त्यांच्याकडे तेवढे हिवाळे नसतात.
नळीत डोळा घातला. उजेड वळत वळत
स्वच्छ पलीकडे गेला.
मग दस्त्यावरून अंगठा फिरवत आलो
आणि टोकाशी अडलो.

दोन बोटं लाकूड वेगळं.
अक्रोडाला जोडलेला बर्चचा तुकडा,
रंग देऊन लपवलेला,
पण लाकडाच्या रेषा खोटं बोलत नाहीत.
कुणीतरी हा दस्ता एकदा कापला होता.
कुणीतरी नंतर वाढवला.

माझ्या बापाच्या वह्या मी जाळलेल्या नाहीत.
१९७१, सप्टेंबर:
ऑल्व्हची माउझर. दस्ता दोन बोटं कमी. बोर्गहिलसाठी.
१९७६, एप्रिल:
ऑल्व्हची माउझर. दस्ता पूर्ववत. पैसे घेतले नाहीत.

तूरिडने ते अक्षर दोनदा वाचलं.
"मला तर सांगायचे," ती म्हणाली,
"तुझ्या आईला रक्त बघवत नसे."

बाहेर ट्रॅक्टर गेला. काच थोडी थरथरली.
तिने रायफल खांद्याला लावली.
मान ताणली, गाल घसरला,
डोळा माशीपाशी पोचेना.
बावन्न वर्षांची बाई, बापाच्या कोटातल्या पोरीसारखी.
मी टोकाकडच्या तुकड्यावर बोट ठेवलं:
इथून पुढचं ऑल्व्हचं. इथून अलीकडे तू.

"निघेल?"
निघेल. दोन स्क्रू, थोडी वाफ,
माझ्या बापाचा सरस असेल तर थोड्या शिव्या.
आणि ऐक, हिला दुर्बीण चढवू नकोस.
जवळ जा. पोटावर सरपटत जा.
गुडघे ओले झाले नाहीत तर
तो नेम तुझा नव्हे, दुकानदाराचा.
आधी तीस गोळ्या सरावाच्या, मग परीक्षा,
ती सगळ्यांना असते, तुझ्या आईलाही असती तर पास झाली असती.

गुरुवारी ती न्यायला आली.
लावून बघितली. गाल लाकडावर
असा टेकला की मी वळून
उगीच खिळ्यांचा डबा आवरू लागलो.
काळी केव्हाच काचेआड गेली होती.

बर्चचा तुकडा तिने मागितला नाही,
मीही टाकला नाही;
खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे लावलाय.
वहीत लिहिलं: दस्ता दोन बोटं कमी. तूरिडसाठी.
खाली मजुरी लिहिली, आणि घेतली,
एकेक क्रोनर मोजून.
या वेळी घ्यायलाच हवी होती.