रुमालाखाली

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकासमोर माझं दुकान.
तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचा जळका वास.
समोर हळदीचे सौदे, म्हणून
माझ्या कीबोर्डची बटणं कधी पांढरी राहिली नाहीत.
कुणी सातबारा काढून जातं, कुणी निकाल बघून,
आणि एंटरवर पिवळं बोट ठेवून जातं.

जिनगोंडा आवटी, हमाल,
फेब्रुवारीत एका दुपारी तीन नंबरवर बसला.
पोत्यातून खडे वेचावेत तशी अक्षरं वेचत
त्यानं लिहिलं: कानाचं मशीन किंमत.
किंमत वाचली. खुर्ची मागं सारली.
दहा रुपये ठेवून गेला.
बायकोला ऐकू येत नाही हे त्यानं
मला सांगितलं नव्हतं. यार्डात कुणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तीन नंबरवर जो बसेल
त्याच्या शेजारी एक गुलाबी कान.
पावसाचा अंदाज बघा, कान.
रेल्वेचं तिकीट बघा, कान, त्यावर चाळीस टक्के सूट.
अकरावीतली पोरं हसली.
तोलाईदार म्हणाला, "काल आवटी बसलावता न्हवं हितं?
त्येच्या घरात बहिरं कोन?"

जिनगोंडा आला तेव्हा चिडलेला नव्हता, तेच वाईट.
"ताई, तुमच्या मशिनीनं माझं घरचं बाजारात मांडलं की.
आमी भावसुदिक उघड्यावर बोलत न्हवतो.
हातावर रुमाल टाकायचा, बोटं दाबायची.
शेजारी उभा असला तरी त्याला कळत न्हवतं
हजार का बाराशे."

याला कुकी म्हणतात, मी म्हटलं.
"बिस्कीट?"
नाही. चिठ्ठी. तुम्ही पोत्याला खोचता तशी,
कुणाचं पोतं, कुठल्या अडत्याचं.
ती नसली तर दर पानावर नव्यानं नाव सांगावं लागतं.
"मग असू दे की ती."
ती असू दे. पण दारात तिसराच एक जण उभा असतो,
तोही आपली चिठ्ठी खोचतो,
आणि पुढच्या दुकानात, त्याच्याही पुढच्या दुकानात
तोच आधी जाऊन थांबलेला असतो, वाचायला.
"त्याला कुनी घेतला आत?"

आपणच. ते 'सगळं मान्य'चं बटण,
निळं, ठसठशीत, बरोबर अंगठ्याखाली.
'नको'सुद्धा असतं.
राखाडी, बारीक, तीन पानं आत,
आणि तिथं पोचेपर्यंत मागं गिऱ्हाईक खाकरतं.

रात्री शटर अर्धं ओढून मी सेटिंग उघडलं.
बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या बंद.
जुन्या सगळ्या पुसा, म्हटलं.
सगळ्याच पुसल्या गेल्या.
कान गेला. त्याच्याबरोबर ऐनापुरेबाईंचा
शिष्यवृत्तीचा अर्धा भरलेला फॉर्म गेला,
माझं स्वतःचं लॉगिन गेलं,
पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलाय ते सापडेना.
साडेअकरा वाजले.
त्याच तिरीमिरीत कीबोर्डही घासला साबणाच्या पाण्यानं.
हळद आणखी पसरली.

"धुऊन न्हाई जात ती," झाडणाऱ्या मालनबाई म्हणाल्या,
"उन्हात ठेव."
चार दिवस पायरीवर ठेवला.
बटणं उतरली. 'ह' तेवढं राहिलं.

परवा जिनगोंडा परत आला.
मी खाजगी खिडकी उघडून दिली, काळी.
बंद केली की ही विसरते, म्हटलं,
आणि तेही सांगितलं
की ही आपल्या मशीनपुरतं विसरते.
पलीकडचा काय लक्षात ठेवतो
ते मला इथून दिसत नाही.

त्यानं मान हलवली, सौद्यात हलवतात तशी,
ज्यात हो नसतं आणि नाहीही नसतं.
मग खांद्यावरचा टॉवेल काढला
आणि माऊसवर, हातावर पसरला.

मी रस्त्याकडे तोंड केलं.
टॉवेलाखाली एक टिचकी.
बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक.