निगेटिव्हची तार

दिवाळी झाली आणि गाडी मागच्या अंगणात लावली.
चाकांखाली विटा, काचांवर जुन्या चादरी,
पाण्याची टाकी रिकामी, नळ उघडा.
बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची,
एक घरची, म्हणजे पंखा, दिवा, पंप, रेडिओ यांची.
दोन्हींच्या काळ्या तारा दहा नंबरच्या पान्यानं सोडवल्या
आणि पाना ठेवला डावीकडे, फडक्यावर.

मी पोस्टात होतो. वीज मला बिलापुरती माहीत.
मालूनं सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये
वायरमनची पोरं घडवली.
यंदा तिचे दोन्ही गुडघे बदलले,
म्हणून ती खिडकीतून शिकवते, मी अंगणात शिकतो.

"सोडताना काळी आधी. लावताना काळी शेवटी.
बारा पॉइंट चारच्या खाली जाऊ द्यायची नाही.
उपाशी बॅटरीला थंडी लवकर धरते."
माणसासारखंच की, मी म्हणालो.
"माणसाला काहून मधात आणता?
मला बॅटरी म्हणाल तर वॉकर फेकून मारीन."

झिंगाबाई टाकळीत पहाटे पारा आठावर येतो.
कोराडीला कोळसा जळून वीज होते,
आणि त्याची राख उडत येऊन
टपावरच्या माझ्या सोलर पॅनलवर बसते.
दर रविवारी शिडी लावून पुसतो.
वैरागडे भिंतीवरून विचारतात,
"जायचं कुठं नाही, मंग पुसून काहून राहिले?"
जायचं नाही म्हणूनच, वैरागडे.

पोस्टातलं एक कोरं रजिस्टर उरलं होतं. त्यात:
७ डिसेंबर. घरची १२.७. इंजिन १२.६. डिस्टिल्ड पाणी घातलं.
१४ डिसेंबर. तेवढंच. टर्मिनलवरची हिरवट भुकटी
सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतली, व्हॅसलीन लावलं,
बोटाला उरलेलं ओठांना.
२१ डिसेंबर. घरची १२.३.
२८ डिसेंबर. चार्जर रात्रभर. १२.७.
४ जानेवारी. पुन्हा १२.३.

तार सुटलेली, पॅनल पुसलेलं.
मग पितं कोण?

"मीटरचे सेल उतरले असतील," मालू म्हणाली,
नजर स्वेटरच्या विणीवर.
सीताबर्डीला गेलो. दुकानदार पोरगा हसला.
"काका, सेल उतरले की मीटर जास्त दाखवतो. कमी नाही."
तिचाच विद्यार्थी निघाला तो.
परतताना बसमध्ये मी उगाच
तिकिटाच्या घड्या घालत बसलो.
तिला हे माहीत नसेल?
तिला?

अंगणात आलो तेव्हा खाली पाहिलं.
राखेत वॉकरच्या रबरांचे ठसे, चार चार,
स्वयंपाकघराच्या दारापासून गाडीच्या पायरीपर्यंत.
पायरीपाशी वॉकर थांबलेला.
पुढे, तिन्ही पायऱ्यांवर, नुसती पावलं.
आत ड्रायव्हरच्या सीटवर संत्र्याची साल,
रेडिओचा आवाज अगदी बारीक केलेला,
आणि पाना उजवीकडे.
डॉक्टर म्हणाले होते, महाशिवरात्रीपर्यंत पायरी नाही.
दुपारी मी पेन्शनरांच्या कट्ट्यावर असतो, दोन ते चार.

काही बोललो नाही.
दाराला आतून एक दांडी ठोकली, धरायला.
"हे काय?" तिनं खिडकीतून विचारलं.
टॉवेलसाठी, मी म्हणालो.
"बरी आहे," ती म्हणाली. "जरा खाली घ्या."

११ जानेवारी. घरची १२.२. चार्जर सहा तास.
शेऱ्याचा रकाना पोस्टात कधी रिकामा सोडला नव्हता.
सोडला.
१८ जानेवारी. घरची १२.१.
दांडीवर टॉवेल.
पाना डावीकडे, फडक्यावर.