प्रत्यक्ष पडताळणी

माझं काम रंग भरण्याचं.
नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, कूलरमधल्या ओल्या वाळ्याच्या वासात
उपग्रहानं टिपलेला जिल्हा पडद्यावर पसरतो
आणि मी एकेक तुकडा ठरवत जातो:
कापूस, संत्रा, झुडपी, पडीक.

चौदा वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली,
अहवालात लिहिली नाही कधी:
जमिनीचा रंग पावसानं बदलतो
त्याहून जास्त जीआरनं बदलतो.
ज्या वर्षी शेततळ्यांना पैसे आले
त्या वर्षी पारशिवनीच्या वरच्या अंगाला
निळे चौकोन उठले पुरळासारखे,
सगळे तीस बाय तीस.
त्याआधी शेडनेटचे पांढरे.
ठिबकच्या वर्षी संत्रा चढत गेला
टेकडीच्या कडेपर्यंत, जिथं नुसता मुरूम,
हातभर खाली खडक.
आणि जवसाची ती हिवाळ्यातली छटा
माझ्या यादीतून केव्हा गळाली, सांगता येत नाही.
यादीत ओळ नाही म्हणून अनुदान नाही,
अनुदान नाही म्हणून दोन वर्षांत पीक नाही,
पीक नाही म्हणून ओळ नाही.
हे वर्तुळ मी आखलेलं नाही.
मी फक्त आत रंग भरतो.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला मलाच पाठवलं गावात.
दहा ठिकाणं, प्रत्येकाचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट.

सहावं ठिकाण: निळा चौकोन. पाणी.
खड्डा होता. तळाला भेगा,
एका कोपऱ्यात कुत्री झोपलेली.
अस्तराचं प्लास्टिक कुणीतरी उचलून नेलेलं
आणि तेच पलीकडच्या अंगणात अंथरून
वर मोहफुलं वाळत घातलेली.

इमलाबाई सलामे.
"खड्ड्याचे पैसे भेटले, खड्डा खोदला," त्या म्हणाल्या,
"पान्याचे पैसे कोनी देल्ले नाही."
हसल्या. मीही हसलो, जरा उशिरानं.
"पन प्लास्टिक चांगलं हाय, बाबू.
मोहाले माती लागत नाही."

सातवं ठिकाण त्यांच्याच खड्ड्यामागची उतरण.
माझ्या नकाशात राखाडी: पडीक, साडेतीन एकर.
तिथं गायी होत्या, शेजाऱ्यांच्याही.
मोहाची तीन झाडं, एक चारोळी,
तेंदूची झुडपं, आणि ते गवत
ज्यानं गोठा शाकारतात.
कुठल्या झाडाखाली कुणी झाडायचं
हे केव्हापासून ठरलेलं,
सातबारा निघायच्या आधीपासून, म्हणाल्या.

"पोरगा म्हनते संत्रा लावू. तीन वर्षं सरकार पैसे देते.
मोह तोडा लागतीन."
मग पदरानं कपाळ पुसत, सहज:
"न तोडाचे कितीक देते?"

मी मोबाइल उघडला. यादी खाली ओढत गेलो.
मला उत्तर माहीत होतं, तरी ओढत गेलो,
त्यांच्यासमोर काहीतरी करत राहावं म्हणून.
तळाशी "इतर" निघालं,
पुढे लिहायला जागा, वीस अक्षरांची.

निघताना त्यांनी मूठभर फुलं दिली.
कामठी येईपर्यंत अख्ख्या बसला वास,
कंडक्टर दोनदा माझ्याकडे बघून गेला.

आता तिसरा मजला. वीस अक्षरांत बसवतोय:
मोह चराई गवत चारोळी
बसत नाही. चारोळी काढली.
मग वाटलं, काढायची तर हीच का?

तेवढ्यात फोन. मुलगा, संदेश.
"सर, ते पडीकच लिवा.
पडीक असलं तरच बागेचा अर्ज चालते.
इतर लिवसान तर कुठंच बसत नाही आम्ही."

तो चुकीचं बोलत नव्हता.
पडद्यावर ती उतरण माझ्या नखाएवढी.
"आईला विचारलंस?" मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा.
"माय कुठं हाय घरी," तो म्हणाला,
"मोह वेचाले गेली."