मोडी

सकाळी आठला पाणी सत्तर अंशांवर जातं.
जाळीचा पांढरा पत्रा त्यात उकडीसारखा मऊ होतो,
मग मी आणि भदौरिया दोन्हीकडून ओढून
तो चेहऱ्यावर बसवतो: कपाळ, नाक, हनुवटी.
डाव्या गालावर माझा अंगठा थांबतो.
गाठ आहे तिथं साचाही फुगतो.

रामसेवक नरवरिया, बासष्ट, राहणार मेहगाव, जिल्हा भिंड.
तोंड एक बोट उघडतं.
(मोजायला मी माझंच बोट वापरते.)
सर्जनांनी कागद परत पाठवलाय, खाली एकच ओळ:
फार वर गेलंय.

तीस द्यायच्या की पाच?
तीस म्हणजे सहा आठवडे, वर दर सोमवारी सलाईन,
धर्मशाळेतली खोली, म्हैस विकणं.
पाच म्हणजे सोमवार ते शुक्रवार, आणि घरी.
पुस्तकात दोन्ही आहे.
पुस्तकात मेहगावची बस नाही.

पोतनीस सर चष्मा कपाळावर ढकलतात.
"गाठ मारायचीय की माणसाला झोप द्यायचीय, ते आधी बोल.
आकडा मागून येतो."
सर कोबाल्टच्या मशीनबरोबर इथं आले.
नवा सोर्स होता तेव्हा एका डोसला दीड मिनिट लागे,
आता चार लागतात.
डोस तेवढाच, म्हणतात,
फक्त पेशंटला जास्त वेळ हलू द्यायचं नाही.
हे ते मशीनबद्दलच बोलतात, असं मी धरून चालते.

हैदराबादहून मेल आलंय.
तिथलं यंत्र श्वास मोजतं, छाती वर आली की थांबतं.
पगाराचा आकडा मी दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जिन्यात, जाळीच्या खिडकीशी,
जिथून किल्ला दिसायला हवा पण जानेवारीत धुकंच दिसतं.
दहा दिवसांत कळवा. सहा गेले.

कँटीनमध्ये ईशान विचारतो,
"मॅडम, रेडिएशन घेऊ की मेडिकल?
मेडिकलवाल्यांना कुणीतरी फोन तरी करतं."
मी म्हटलं, समोसा गार होतोय.
मला कुणी विचारून सांगितलं असतं
तर मी त्यालाही सांगितलं असतं.

मंगळवारी नरवरिया साच्याखालून उठतो,
गालावर जाळीचे चौकोन उमटलेले,
आणि त्या एका बोटाच्या फटीतून म्हणतो,
"कित्ते दिना हैं, मोड़ी?"

भिंडकडे मुलीला मोड़ी म्हणतात.
मला दौलतगंजातले आजोबा आठवतात,
पानाला चार आणे घेऊन लोकांचे जुने कागद वाचून द्यायचे.
मोडीत आधी रेघ ओढायची, म्हणत,
पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
काय लिहायचंय ते ठरलं नसलं तरी.
मग अक्षरं टांगायची, हात न उचलता.

उपचाराचे दिवस विचारतोय का हा?
की त्याचे?
भदौरिया मान खाली घालून टेबल पुसतोय.
म्हणजे त्यानं सांगितलंय माझं.

"पाच," मी म्हणाले. "एक झाला."
"पाँचऊ दिन तुमईं करौगी?"
हो.
गुरुवारच्या बैठकीत न मांडता
दिलेलं वर्षातलं हे पहिलं उत्तर.

शुक्रवारी त्यानं मुरैन्याची गजक आणली,
स्वतःला चावता येत नाही ती.
गेल्या दोन रात्री झोपलो, म्हणाला,
आणि बस पकडायला निघून गेला, साच्याकडे न बघता.

साचे आम्ही महिनाभर फळीवर ठेवतो.
पट्टीवर नाव, खाली डोस.
त्याच्या नावाखाली मी काय लिहिलंय
ते भदौरियाला लागलं नाही. मलाही
उजेडात धरावं लागलं.

मेल उघडून बसलेय.
दहा गेले की नऊ, मोजत नाही.
कर्सर लुकलुकतोय, दर वेळी हात उचलून,
आणि मी कीबोर्डवर एकच बटण दाबून धरलंय:
आडवी रेघ,
या काठापासून.