दुसरा गिअर

व्हॅनला सगळं कळतं.
मागे घेताना ती शीळ घालते,
पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरवते,
शिस्तीच्या आत्येनं मांडीवर टिचकी मारावी तशी.
दार आपलं आपण सरकतं. डबल बास आत आडवा होतो
आणि घोरतच नाही एवढंच.

मायक्रात तो निजायचा नाही, घुसायचा.
सीट पाडून, तिरका लोटत लोटत,
त्याची मान थेट माझ्या डाव्या कानापाशी.
हॅलिफॅक्सचा चढ लागला की दुसरा गिअर टाकायला
आधी कोपरानं ती मान सारायची,
की मागून ऋजुता ओरडणार, "आई, खुंट्या!"
उरलेल्या अर्ध्या सीटवर ती, अंगाची घडी करून.
आरशात तिचा चेहरा नाही. नुसती काळी खोळ.

त्या खोळीआडून तिनं काय काय सांगितलं.
थिअरीत गटांगळी खाल्ली.
जेम्मा माझ्याशी बोलत नाही आता.
बाबांचा फोन आला की तू स्वयंपाकघरात जाऊन
नळ का सोडतेस?
मी रस्त्याकडे बघत उत्तरं दिली.
नळाचं नाही दिलं. चढ होता.

व्हॅनमध्ये ती शेजारी बसली, पहिल्यांदाच,
पाय लांब करून, सीट गरम करून.
चेहरा अगदी हाताशी.
मँचेस्टर येईपर्यंत आम्ही दोघी
पुढच्या ट्रकची नंबरप्लेट वाचत होतो.
हॉस्टेलपाशी तिनं बासला चाक लावलं
आणि फरशीवरून घरंगळवत नेला.
वळून हात केला, पण बासच्या मागून,
म्हणजे हातच दिसला.

घरी येऊन इंजिन बंद केलं तर व्हॅन विचारते,
मागच्या सीटवर काही राहिलं आहे का, बघा.
सात सीटची गाडी. बघितलं.

मायक्रा एमओटीत बसली ती उठलीच नाही, खालून गंजलेली.
शनिवारी कॅलम नावाचा पोरगा आला, सुट्या भागांसाठी.
साडेतीनशे पौंड ठरले होते.
डॅशबोर्डवरचा अंगठ्याएवढा खड्डा चाचपत म्हणाला,
हे काय?
म्हटलं, इथं एकजण डोकं टेकायचा.
तो काही बोलला नाही. मग म्हणाला,
पन्नास कमी करता?

केले.