दोन तोंडांची डबी

इतवारीतला खेमचंद म्हणतो, आपल्याकडे शहाऐंशी प्रकारच्या डब्या आहेत.
मी मोजल्या नाहीत.
काचेची नको, लांजेवार बाईंच्या ओल्या हातातून सुटेल;
त्या मेडिकलच्या वॉर्डात दिवसातून साठदा हात धुतात,
बोटांची पेरं भेगाळून पांढरी पडलेली.
खालून ढकलायची कागदी नळी दिसायला गोड,
पण तेल पिते. आठ दिवसांत अंगावर डाग,
समोशाच्या कागदासारखे.
फिरवली की वर येणारी प्लास्टिकची, काखेतल्या लेपासाठी बरी.
तिच्या बुडाला मात्र बारीक भोक असतं.
पहिल्या खेपेला चौदा नळ्या ओळीने उभ्या केल्या
आणि मेण ओट्यावरून माझ्या चपलेत उतरलं.
तेव्हापासून आधी चमचाभर ओतते, बूच बसू देते,
मग बाकीचं.

प्रमाणाचं विचाराल, तर नागपूरला एकच प्रमाण चालत नाही.
डिसेंबरात मेण एक वाटी, टोरीचं तेल दोन.
मे महिन्यात मेण दीड, दोनही,
तरी भरवसा नाही.
मागच्या उन्हाळ्यात निखाडेंची पोरगी डबी
गाडीच्या डिकीत विसरली, वर्धा रोडवर, भर दुपारी.
"मावशी, तुमचं लोशन त पाणी पाणी झालं नं!"
रात्री कूलरसमोर ठेवलं. सकाळी पुन्हा घट्ट,
फक्त रवाळ, बोटाला वाळू लागावी तसं.
माणसाचंही असंच असतं, असं काहीतरी म्हणणार होते.
म्हटलं नाही. दुसरी डबी दिली.

मग नोव्हेंबरात, लहान डब्या कमी पडल्या म्हणून
कपाटामागे हात घातला, तर ह्यांची सापडली.
स्टीलची, दोन तोंडांची:
इकडे तंबाखू, तिकडे चुना.
तीन वर्षं झाली सोडून. सोडली म्हणजे,
डेंटल कॉलेजातल्या एका पोरीने
पट्टी लावून मोजलं, तोंड उघडतं बावीस मिलिमीटर,
आणि कागदावर लिहिलं, शेजारी तारीख.
आता भाकर कुस्करून, संत्र्याची फोड अर्धी करून.
जांभई आली की ओठांचे कोपरे फुटतात.

चुना लिंबाने निघाला,
आट्यांमधला उरलेला दात कोरायच्या काडीने.
तंबाखूचा वास निघाला नाही.
राखेने घासली, उन्हात ठेवली,
संत्र्याची सालं कोंबून आठवडाभर झाकली.
होताच तो, तळाशी,
हाक न मारता दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा.
शेवटी म्हटलं, असू दे बाप्पा.

चुन्याच्या बाजूला ओठांचं ओतलं, मऊ, मेण कमी.
तंबाखूच्या बाजूला टाचांचं, कडक.
निवताना मधोमध खड्डा पडतोच.
कड आधी गोठते, मधलं शेवटी, आणि आत ओढलं जातं.
घाईने फ्रीजमध्ये ठेवलं तर वरून सपाट दिसतं,
पोकळी आतच राहते,
बोट टेकवलं की साय फुटते.
म्हणून भांड्यात दोन चमचे मागे ठेवायचे,
परत पातळ करायचे
आणि दुसऱ्यांदा ओतायचं, हळू, अगदी काठाशी येईपर्यंत.

संध्याकाळी ह्यांच्या हातात दिली.
काही बोलले नाहीत.
अंगठ्याने झाकणावर टिचकी मारली, दोनदा,
पूर्वी मारायचे तशीच,
एक तोंड उघडलं, हुंगलं,
मग दुसरं.
"काऊन वं, चुना कुठी गेला?"
हसू नका, म्हटलं, फुटतील कोपरे.
हसलेच.
मी करंगळी डबीत बुडवली.