पाय मोडायची कळ

दारव्ह्याहून आलेला एकच कॉम्प्युटर.
लाइन गेली की तो
व्हरांड्यात येऊन पसरतो:
गेरूनं आखलेली एकेक कळ पोळपाटाएवढी.
(आधी चुन्यानं आखल्या होत्या.
चुना पोरांनी तळव्यांवरून घरी नेला.)

ज्याचं नाव, त्यानं पायानं लिहायचं.
बाकीच्यांनी वाचायचं.

सम्यका खोब्रागडे, तिसरी.
स वर गेली, म वर, य वर, क, काना.
पोरं ओरडली, "समयका!"
"हे मी नोहोय," म्हणाली,
आणि काना सोडेचना. डोळे भरलेले.

म चा पाय मोड, मी म्हटलं.
ती बघ मोडायची कळ, डावीकडं.
तिनं कळ पाहिली, मग स्वतःचे पाय.
"पाय मोडाचा त लंगडीच घाला लागन ना, गुरुजी?"

तेव्हापासून नियमच झाला.
ज्योत्स्नाला तीनदा लंगडी, दमते, पण नाव सोडत नाही.
तिची धाकटी कमल रुसून बसते,
तिला एकदाही नाही.

साडेतीनला लाइन आली.
सम्यका स्टुलावर, एका बोटानं
स.
म.
थांबली.
मी दारातून पाहिलं,
टेबलाखाली
एक पाय उचललेला.